पालख

(दृश्य : सकाळी सात, वाघोडिया रोडकडचा एक कडियानाका)

वडोदऱ्यात आम्ही मराठी माणसंसुद्धा मजूर अड्डा वगैरे म्हणत नाही, कडियानाकाच म्हणतो. कडियो म्हणजे गवंडी. दाहोद, छोटा उदेपूर, देवगड बारिया, शिवाय तिकडून झाबुआ-अलिराजपूर, सगळीकडची माणसं इथे उभी आहेत, कुणाच्या हातात थापी, कुणी तगारुं, म्हणजे घमेलं, पालथं करून त्याचंच बसायला केलंय, एक बाई बाळाला साडीच्या झोळीत घेऊन उभी आहे आणि मुकादमाची बाइक थांबली की सगळे एकदम त्या बाजूला सरकतात. कुणाला किती रोज, कुठली साइट, दोन मिनिटांत ठरतं. कितव्या मजल्यावर हे तर बरेचदा तिथे पोचल्यावरच कळतं.

ही गोष्ट त्या मजल्याची आहे. म्हणजे वर चढणाऱ्या माणसाचा विचार सरकारनं कधी केला, किती उशिरा केला, त्याची.

आता आधी शीर्षकाचं सांगतो. भिंतीला बाहेरून बांबू-फळ्या बांधून जे उभं करतात त्याला पुण्याकडे परांची म्हणतात, आमच्याकडे गुजरातीतली पालख. लहानपणी मला वाटायचं की पालख म्हणजे पालखीचाच कुणीतरी मोठा भाऊ, एकादशीला निघत असणार. २००९ साली आमच्या दांडिया बाजारच्या घराला प्लास्टर काढलं तेव्हा पालख नीट पाहिली.

(दृश्य : जुन्या घराची गल्लीतली बाजू)

बल्ल्या होत्या, आडव्या फळ्या होत्या आणि सगळं काथ्याच्या सुंभानं बांधलेलं. रात्री पाऊस झाला. हा दोर भिजला की आखडतो, ताठ होतो, सकाळी हलवून बघितलं तर एकदम मजबूत वाटतो, आणि दुपारी ऊन पडून वाळला की सैल पडतो. हे मला आत्ता माहितीय. तेव्हा एवढंच दिसलं की फळीचं एक टोक खाली गेलं आणि वरचा माणूस हातातल्या थापीसकट आमच्या तुळशीच्या कट्ट्याशेजारी पडला. बारा-तेरा फूट असेल. मनगट मोडलं, कंबरेला मार लागला. मुकादम धावत आला आणि त्याच्याकडे न बघता आधी बाबांकडे बघून म्हणाला, "कंई नथी थयुं साहेब." रिक्षा आली, आईनं रिक्षात पाण्याची बाटली दिली, बाबांनी मुकादमाच्या हातात दोन हजार रुपये ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याच पालखीवर दुसरा माणूस. दोरही तोच, फक्त एक गाठ जास्त मारलेली.

आमच्या घरात कुणी वाईट नव्हतं हो. कायद्यानं आपल्याला काही करायला लागतं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि खरं सांगायचं तर कायद्यालाही आमच्या घराशी काही घेणंदेणं नव्हतं, ते पुढे येईलच.

(दृश्य : लक्ष्मी विलास पॅलेस, दुरून)

बडोद्यात बांधकामाची गोष्ट निघाली आणि पॅलेस नाही आला असं होत नाही. सयाजीराव महाराजांनी बांधून घेतलेला, १८९० मध्ये पुरा झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, पण तो १८८१ मध्येच वारला, मग रॉबर्ट चिझमनं काम पूर्ण केलं. इथे जी गोष्ट सगळे सांगतात ती अशी, की मँटसाहेबाला भीती बसली होती, आपलं गणित चुकलंय आणि हा सगळा डोलारा कोसळणार, आणि त्या भीतीनं त्यानं जीव दिला. खरीखोटी जाऊ दे, पॅलेस काही पडला नाही. पण मला त्या गोष्टीत नेहमी एक खटकतं. इमारत पडेल का, ही काळजी आहे. इमारतीवरून कुणी पडेल का, ही नाही. मनोऱ्यावर दगड चढवणारा माणूस त्या गोष्टीत येतच नाही.

आणि हे फक्त बडोद्याचं नाही, जगभर असंच आहे. पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाचा दगडावर कोरलेला कायदा बघा, घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला मारा, मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारा, मालकाचा गुलाम मेला तर गुलामाच्या बदल्यात गुलाम द्या. भयंकर कडक. पण सगळा विचार घरात राहणाऱ्याचा. बांधताना विटा वाहणारा गडी वरून पडला तर काय, त्याच्यासाठी त्या दगडावर ओळ नाही.

आपल्याकडे १९२३ मध्ये इंग्रजांनी वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट आणला. कामावर जखमी झाला किंवा मेला तर मालकानं भरपाई द्यायची. त्याच्या परिशिष्टात माणसाच्या शरीराचं अक्षरशः रेटकार्ड होतं, अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली, तर्जनी १४, मधलं बोट १२, करंगळी ७. वाचताना अंगावर काटा येतो, पण निदान मोजलं तरी कुणीतरी. मात्र हा कायदा पडल्यानंतरचा. पडूच नये म्हणून काय करायचं, त्याच्यात नाही.

मग १९४८ चा फॅक्टरीज अ‍ॅक्ट. तो मात्र आधीचा विचार करणारा, मशीनला गार्ड लावा, इन्स्पेक्टर येणार वगैरे. बडोद्यासारख्या कारखान्यांच्या गावात तो घराघरात पोचला. माझा काका एका केमिकल कारखान्यात होता, दरवर्षी ४ मार्चला सेफ्टी डेचा बिल्ला छातीला लावून घरी यायचा आणि आजी विचारायची, आज कुठली निवडणूक होती रे. पण गंमत अशी की बांधकामाची साइट म्हणजे कायद्याच्या भाषेत फॅक्टरी नव्हे. म्हणजे त्याच कारखान्याच्या आत काकाच्या डोक्यावर हेल्मेट, आणि बाहेरची कंपाउंड वॉल बांधणाऱ्याच्या डोक्यावर टॉवेल.

कागद नव्हते असं नाही हं. पालख आणि शिडी कशी असावी याचं भारतीय मानक आयएस ३६९६ हे १९६६ पासूनचं आहे, खड्डे खणण्यासाठी आयएस ३७६४, १९७० मध्ये नॅशनल बिल्डिंग कोड आला. पण मानक म्हणजे पुस्तक. सरकारी टेंडरात त्याचा नंबर लिहितात, पालख बांधणाऱ्याला ते कुणी वाचून दाखवत नाही.

परदेशात तोपर्यंत काय चाललं होतं ते पटकन सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल, १९३७, तिथे चीफ इंजिनियर जोसेफ स्ट्राउसनं पुलाखाली चक्क जाळी बांधली, १९ माणसं तिच्यात पडून वाचली, तरी ११ मेलीच. अमेरिकेत कामाच्या सुरक्षेचा मोठा कायदा १९७० चा. आणि तो असताना १९७८ मध्ये विलो आयलंडला कूलिंग टॉवर बांधताना ५१ कामगार एका झटक्यात गेले, कारण पालख टॉवरच्या काँक्रीटलाच अडकवलेली आणि ते काँक्रीट आदल्या दिवशी ओतलेलं, अजून पुरतं धरलंच नव्हतं. आपल्याकडे स्लॅबखालचा आधार, सेंटरिंग, लवकर काढायची घाई असते ना, तसलंच.

(दृश्य : दिल्लीतलं एक स्टेडियम, जुनी छायाचित्रं)

आपल्याकडे खरी हलचल झाली ती एशियाडमुळे. १९८२, दिल्ली, स्टेडियम आणि फ्लायओव्हर रात्रंदिवस चाललेले. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेनं तीन अभ्यासकांना साइटवर पाठवलं आणि त्यांच्या अहवालावरून सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती भगवतींना एक पत्र लिहिलं, त्या पत्राचीच याचिका झाली. रोज ठरलेला ९ रुपये २५ पैसे, मजूर आणणारे जमादार त्यातला एक रुपया कापून घ्यायचे, हातात ८.२५. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निकाल आला की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे वेठबिगारी. आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सरकारचं म्हणणं होतं, बालकामगार कायद्याच्या यादीत बांधकाम नाही, म्हणून पोरं कामाला असली तरी चालतं. कोर्ट म्हणालं यादीत नसेल पण बांधकाम हे धोक्याचंच काम आहे, १४ वर्षांखालच्या मुलाला तिथे घटनेचीच बंदी. हे इतकं उघड आहे तरी ते सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं.

त्यानंतर दहा-बारा वर्षं मजुरांच्या संघटना, निवृत्त न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासारखी माणसं, एकच मागणी घेऊन मागे लागली. बांधकाम मजुराचा मालक दर दोन महिन्यांनी बदलतो, मग पीएफ-ग्रॅच्युइटी कोण देणार? म्हणून हक्क मालकाला नको, इमारतीला जोडा. आपल्याला ही कल्पना नवीन नाही, महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी बोर्ड आहेच, हमाल कुणाच्याही वखारीत पाठीवर ओझं घेऊ दे, नाव बोर्डाकडे.

१९९६ मध्ये कायदा आला, सगळे बीओसीडब्ल्यू म्हणतात, बिल्डिंग अँड अदर कन्स्ट्रक्शन वर्कर्स. सोबत सेसचा कायदा, म्हणजे मजुरांच्या कल्याणासाठी बांधकामखर्चाच्या एक टक्का उपकर. १९९८ चे केंद्राचे नियम, गुजरातचे २००३ चे. आता पहिल्यांदा वर चढणाऱ्याचा विचार. ५०० किंवा जास्त माणसं असतील तर सेफ्टी कमिटी. पन्नासच्या वर बाया असतील तर पाळणाघर, म्हणजे त्या नाक्यावरच्या झोळीसाठी. ओझंसुद्धा ठरवलेलं, पुरुषानं एकट्यानं ५५ किलोपर्यंत, बाईनं ३०. सिमेंटची गोणी पन्नासची असते, हे लक्षात घ्या आणि मग कुठल्याही साइटवर पाच मिनिटं उभे राहा.

आणि दंड? सुरक्षेचा नियम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला बाबांची ती नोटा मोजणारी बोटं आठवली. दोन हजार.

पण आमचं घर त्याच्यातही नव्हतं. कायदा दहा किंवा जास्त मजूर असले तरच, आणि स्वतःच्या राहत्या घराचं काम दहा लाखांपर्यंतचं असेल तर लागूच नाही. आमच्याकडे सहा माणसं होती.

सेसचं पुढे जे झालं ते तर विचारू नका. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर हिशेब आला, देशभरात ३७,४०० कोटींच्या वर गोळा झालेले, खर्च जेमतेम ९,५०० कोटी, आणि त्यातूनही कुठे लॅपटॉप घेतले, कुठे वॉशिंग मशीन. गुजरातनं कडियानाक्यावर श्रमिक अन्नपूर्णाचं जेवण सुरू केलं, २०१७ ला दहा रुपयांत, आता पाच रुपयांत, ते मात्र मी लोकांना खाताना पाहिलंय, चांगलं असतं. अडचण नोंदणीत येते. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि ज्याला आठ जणांनी आठ ठिकाणी नेलं त्याला दाखला कोण देणार, मुकादम तर फोनच बदलतो.

(दृश्य : महिसागर नदी, तुटलेला पूल)

जुलै २०२५ मध्ये आपल्या पादरा तालुक्यात गंभीराचा पूल पडला, १९८५ चा, वीसेक लोक गेले, देशभर बातमी झाली, चौकशी बसली, व्हायलाच हवी होती. पण बांधकामात सगळ्यात जास्त जीव जातात ते असे एकदम नाही, एकेकटे, उंचीवरून पडून, लिफ्टच्या उघड्या डक्टमध्ये, पालखीवरून. त्याची पेपरात दोन ओळींची बातमी असते, तीही आतल्या पानावर.

त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला नवे लेबर कोड, म्हणजे कामगार संहिता, लागू झाले. सुरक्षेचा जो कोड आहे तो २०२० मध्येच पास झालेला, तेरा कायदे एकत्र केलेत, बीओसीडब्ल्यू त्यातच विरघळला. काही गोष्टी बऱ्या आहेत, २५० मजुरांपासून सेफ्टी ऑफिसर लागणार, नियम मोडल्यामुळे कुणी मेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा निदान पाच लाख दंड, आणि त्यातला अर्धा तरी घरच्यांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. इन्स्पेक्टरचं नाव आता इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर, म्हणजे तपासणार आणि सल्लाही देणार, याच्यावर युनियनवाल्यांची नाराजी आहे आणि मला ती पटते. दहा मजुरांची अट आहे तशीच. राहत्या घराची सूट दहा लाखांवरून पन्नास लाखांवर नेली. म्हणजे आमच्या दांडिया बाजारच्या घराचं तेच काम आज काढलं, तरी आम्ही बाहेरच.

(दृश्य : भायलीकडची साइट, सातवा मजला, बाहेरची बाजू)

सकाळी नाक्यावर भेटलेल्या दोघांबरोबर आम्ही इकडे आलो. ही मोठी साइट, गेटवर हेल्मेट दिलं, बोर्ड लावलेला, पालखही लोखंडी पाइपांची आहे, निदान खालच्या चार मजल्यांपर्यंत. वर पुन्हा बांबू. प्लास्टर करणाऱ्या भाईनं बेल्ट घातलाय, चांगला नवा, आयएसआय मार्कवाला. त्याचा हुक मागे लोंबतोय, चालताना फळीवर टकटक वाजतो.

मी विचारलं, हुक का नाही लावला.

त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. भिंत कोरी, वरून लाइफलाइनचा दोर सोडलेला नाही. मग तो उभा होता त्याच बांबूवर त्यानं हात ठेवला.

"याला लावू? हा गेला तर मी याच्याबरोबरच जाणार ना."

खालून कुणीतरी माल आला म्हणून ओरडलं. त्यानं हुक उचलून पँटच्या खिशात घातला, वाजतो म्हणून, आणि तगारुं घ्यायला वाकला.