राज्यपाल नव्हे, गव्हर्नर

(इंग्लंडमधल्या एका मराठी मंडळाच्या रविवारच्या सभेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, माझी ओळख ‘कॉलेजचे गव्हर्नर’ अशी करून दिली तेव्हा मागच्या रांगेतून एक बारीक शिट्टी आली. ऐकली मी. निवड झाली तेव्हा मी कराडला आईला फोन केला होता. ती क्षणभर गप्प, मग म्हणाली, “राज्यपाल? तिकडं?” म्हटलं, अगं, एका कॉलेजच्या मंडळावर सोळा जणांतला एक. “पगार?” नाही. “गाडी?” गाडीभाडं मिळतं, पावती दिली तर. “मग कशाला उरापोटावर घेतलंस?” संध्याकाळी आत्याचा फोन. तिच्या जावेच्या नातवासाठी एक सीट बघायची होती.

आज मी बोलणार आहे ते तुम्ही गव्हर्नर कसं व्हावं यावर. पत्रिकेत तसंच छापलंय. पण आधी एक विचारतो. मुलांना ग्रामर स्कूलच्या, म्हणजे परीक्षेतून मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळेच्या, परीक्षेला कुणी कुणी बसवलं? बापरे, खाली करा हात. आणि एफई, म्हणजे फर्दर एज्युकेशन, कॉलेजच्या आत कोण गेलंय? दोन. त्यातल्या या वहिनी एएटीच्या अकाउंट्सच्या कोर्सला गेल्या होत्या. दुसरी माझी बायको, ती मला न्यायला आली होती.

तर एफई कॉलेज म्हणजे आपलं आयटीआय, ज्युनिअर कॉलेज आणि रात्रशाळा एकाच छपराखाली. सोळा वर्षांचं पोर विटा रचायला शिकतंय, शेजारच्या वर्गात पन्नाशीची बाई इंग्रजी गिरवतेय, वरच्या मजल्यावर केस कापण्याचं सलून, तिथे गिऱ्हाईक म्हणून मी स्वतः बसलोय. दिसतंच आहे म्हणा. शिवाय इथल्या दहावीत, म्हणजे जीसीएसईत, गणितात किंवा इंग्रजीत चौथी ग्रेड, म्हणजे पासापुरती, न मिळालेली मुलं. त्यांना ते विषय पुढेही चालू ठेवावे लागतात, नाहीतर कॉलेजचे पैसे कापले जातात. आपल्या दिवाणखान्यांत यांचा उल्लेख झालाच तर ‘वाया गेलेली’ असा होतो. असो.

आता आमच्या अण्णांविषयी. हे मोठे चुलते, गावच्या शिक्षण संस्थेचे चेअरमन. साडेदहाच्या ठोक्याला शाळेच्या फाटकाशी हजर. काळी टोपी, आणि घड्याळ मनगटावर नाही, हातात. उशीर झालेले मास्तर मागच्या बाभळीतून, धोतर सोडवत आत यायचे. शिपायाची नेमणूक अण्णा करणार, मोडका बाक अण्णा बघणार, दहावीचा निकालही जणू अण्णाच लावणार. संस्थाचालक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ते घड्याळ येतं. तुमच्याही गावात कुणीतरी अण्णा असणारच.

मग मी काय केलं? गव्हर्नर होऊन दोन महिने झाले होते. एका सकाळी ऑफिसातून रजा काढली आणि नवाला दहा कमी असताना कॉलेजच्या दारात जाऊन उभा राहिलो. कोट, टाय, हातात फोन, त्यावर घड्याळ. कुणाशी बोललो नाही, नुसता बघत होतो. तेवढ्यावर आत बातमी पसरली की ऑफस्टेडची, म्हणजे सरकारी शिक्षण-तपासनीसांची, तपासणी आली! म्हणे एका विभागात भिंतीवरचे तक्ते बदलायला सुरुवात झाली होती.

अकरा वाजता क्लार्कचा फोन. इथे क्लार्क म्हणजे कारकून समजू नका. आम्ही काय करू शकतो आणि काय नाही, हे कायद्यावर बोट ठेवून सांगणारी ती बाई आहे. चेअरमनसुद्धा तिला विचारल्याशिवाय मत टाकत नाहीत. ती फार गोड आवाजात म्हणाली, “आपण कॉलेज चालवत नाही. चालवणाऱ्या प्राचार्यांना आपण नेमतो, त्यांचा पगार ठरवतो, त्यांना प्रश्न विचारतो. दारात उभं राहायचं असेल तर जरूर या, त्यांना सांगून.” मी तीन आठवडे फुगून बसलो होतो. खरं सांगू? थोडा राग अजून आहे. फुकट काम करायचं आणि वर दारातसुद्धा उभं राहायचं नाही!

पण त्या सकाळी मी एक पाहिलं होतं. नऊ वीसला एक बस आली. तिच्यातून वीसेक पोरं पळत उतरली. दोघांनी फोनमध्ये वेळ बघितली आणि आत न येता सरळ बाजाराकडे वळली.

डिसेंबरच्या बैठकीला दोनशे बारा पानांची कागदपत्रं होती. एका तक्त्यात टिकून राहिलेल्या विद्यार्थ्यांचा आकडा हिरव्या रंगात, म्हणजे सगळं छान. मी पडलो हिशेबनीस, हिरव्या रंगावर माझा विश्वास नाही. या आकड्यांची एक गंमत आहे. कोर्स २४ आठवडे किंवा जास्त असेल, तर पहिल्या ४२ दिवसांत सोडून गेलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा हिशेबात धरतच नाहीत. त्याचे पैसे मिळत नाहीत आणि टक्केवारीतही तो नसतो. जणू तो आलाच नव्हता. मी विचारलं, “४२ दिवसांच्या आत किती गेले?”

कुणी बोलेना. आमच्यात एक निवृत्त बँकर, एक बांधकाम कंपनीवाले, एक नर्सिंगमधल्या मोठ्या बाई. सगळे पानं उलटायला लागले. तेव्हा कोपऱ्यातून विद्यार्थी गव्हर्नर, विटांचं काम शिकणारी मुलगी, म्हणाली, “बस.” आठ दहाची भरून येते, थांबत नाही. पुढची नऊ वीसला. तीनदा उशीर झाला की घरी पत्र जातं. दुसरं पत्र आलं की पोरं यायचीच बंद होतात. प्राचार्यांनी लिहून घेतलं. फेब्रुवारीपासून त्या इमारतीतला पहिला तास साडेनऊला सुरू झाला. बस कंपनीला मी फोन केला नाही. हात शिवशिवत होते, पण केला नाही. अण्णांनी कंडक्टरला खाली उतरवलं असतं.

काय? दहा मिनिटं? अहो, मुख्य विषय राहिलाय. बरं, भराभर सांगतो.

१९९२च्या कायद्यानं ही कॉलेजं कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक सरकारच्या, हातून सुटली आणि १ एप्रिल १९९३पासून प्रत्येकाचं स्वतंत्र कॉर्पोरेशन, म्हणजे कायद्यानं वेगळी संस्था, झालं. जमीन, नोकर, कर्ज सगळं कॉर्पोरेशनचं, आणि त्याचे सदस्य आपण. कॉलेज धर्मादाय संस्था असल्यामुळे आपण तिचे विश्वस्तही ठरतो, म्हणजे नुसती मान डोलवून भागत नाही. कॉलेज बुडूही शकतं. २०१९मध्ये त्यासाठी दिवाळखोरीचे नियम लागू झाले आणि त्याच वर्षी केंटमधलं हॅडलो कॉलेज त्यात गेलं, देशातलं पहिलं. नोव्हेंबर २०२२मध्ये सांख्यिकी कार्यालयानं कॉलेजांना पुन्हा सरकारी क्षेत्रात धरलं, त्यामुळे बँकेकडून कर्ज घ्यायला आता सरकारची परवानगी लागते. पण शाळांना परत मिळणारा व्हॅट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर? तो सरकारी ठरल्यावरही मिळाला नाही. यावर मी तासभर बोलू शकतो, पण वडे तळून झालेत असं दिसतंय.

वेळ किती लागतो? आमच्याकडे वर्षाला सहा मोठ्या बैठका, संध्याकाळच्या, शिवाय एक समिती. मी ऑडिटवर आहे. कागद आठवडाभर आधी येतात, ते वाचावे लागतात. मुदत बहुधा चार वर्षं, पुढे आणखी एकदा. शिक्षण क्षेत्रातलेच असायला हवं असं नाही. हिशेब, इमारती, माणसं नेमणं, आयटी, यांतलं काहीही चालतं, आणि या खोलीत ते सगळं भरपूर आहे. जाहिरातीची वाट बघू नका. कॉलेजच्या संकेतस्थळावर क्लार्कचं नाव असतं, तिला लिहा. सीव्ही दोन पानांचा पाठवा, आपला सहा पानांचा नको. मुलाखत होते, पोलीस तपासणी होते, आणि बहुतेक एखादी बैठक आधी नुसती बसून बघू देतात.

प्रश्न? हां, काकू, बोला. भाची, नर्सिंगला, सप्टेंबरमध्ये... नाही हो काकू. नाही जमत. तिला ऑनलाइन अर्ज भरायला सांगा, आणि आठ दहाची बस पकडू नको म्हणावं.