पाणी सांगेल तिथे मुक्काम

मित्रहो, ऑस्ट्रेलियाच्या नकाशात वायव्येचा कोपरा बघा. त्या मुलखाला किंबर्ली म्हणतात. क्षेत्रफळ चार लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठं. वस्ती मात्र आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढीच. पश्चिमेच्या डर्बी गावाजवळून एक रस्ता निघतो आणि सुमारे ६६० किलोमीटर जाऊन पूर्वेला कुनुनुरा आणि विंडम यांच्यामधल्या हमरस्त्याला मिळतो. हा गिब रिव्हर रोड. बराचसा कच्चा. १९६०च्या दशकात तो झाला तो गुरांसाठी. आतल्या मोठमोठ्या कुरणांवरची जनावरं ट्रकने डर्बी आणि विंडमच्या बंदरांपर्यंत न्यायची होती. आमच्यासारखे हौशी लोक नंतर आले.

मी पर्थला राहतो, तरी तिथूनही डर्बी दोन हजार किलोमीटरच्या पुढे आहे. तुम्ही सांदण दरीत उतरणारी मंडळी असल्यामुळे इथे बोलायला मला सोपं जातंय. घळ म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगायला नको. या प्रवासाचा विषय निघाला की लोक आधी गाडी विचारतात. फोर व्हील ड्राइव्ह कुठली, टायर कुठले, छतावरचा तंबू घ्यावा का. गाडीचं मी थोडक्यात उरकणार आहे. मला बोलायचंय ते पाण्याबद्दल, कारण तिथे कुठे जायचं, कधी जायचं आणि कुठे तळ ठोकायचा हे पाणीच ठरवतं.

साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. तेव्हा नद्या इतक्या फुगतात की रस्ता बंदच असतो. जानेवारी २०२३मध्ये ‘एली’ चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या पावसाने फिट्झरॉय नदीला जो पूर आला, त्यात फिट्झरॉय क्रॉसिंग गावाजवळचा महामार्गावरचा पूल मोडला. उत्तरेतला पूर्व-पश्चिम डांबरी रस्ता तो एवढाच. पर्थहून कुनुनुराला जायचा माल दक्षिणेकडून अर्ध्या देशाला वळसा घालून न्यावा लागला. नवा पूल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झाला. इतकं पाणी! आणि मे उजाडला की पुढचे पाच महिने आभाळातून थेंब पडेल तर शपथ. ऑगस्टपर्यंत नद्यांचं वाहणं थांबतं, वाळू उघडी पडते आणि उरतात ते डोह. डोह टिकतात ते बहुतेक घळींमध्ये, कारण तिथे खोली असते आणि कड्यांची सावली असते. म्हणजे पाखरं, वटवाघळं, मगरी, गुरं आणि तंबूवाले, सगळ्यांचा पत्ता एकच.

पहिली मोठी घळ विंजाना. तिथले बुनुबा लोक तिला बंडिलंगन म्हणतात. लेनार्ड नदीने नेपियर डोंगररांग कापून साडेतीन किलोमीटरचा हा मार्ग काढलाय, आणि काही ठिकाणी कडे शंभर मीटरपर्यंत चढतात. आपला सह्याद्री लाव्ह्याचा, वय सहा-साडेसहा कोटी वर्षं. नेपियर रांग चुनखडीची, वय छत्तीस-सदतीस कोटी. ती मुळात डोंगर नव्हतीच. समुद्रातलं ते प्रवाळासारखं एक लांबलचक खडक-बेट होतं, आणि ते बांधलं प्रामुख्याने शेवाळांनी आणि स्पंजाच्या जातीच्या जिवांनी. समुद्र हटला, बेट उभं राहिलं. वाटेच्या कडेला कड्यावर हात टेकावा तर हाताखाली शिंपल्यांचे आडवे छेद लागतात, दगडात चमचा रुतवून काढावा तशा खुणा. याच समुद्राच्या तळातून फिट्झरॉय क्रॉसिंगजवळ माशांचे जीवाश्म मिळतात. त्यातल्या एका माशिणीच्या पोटात पिल्लू आहे, नाळेसकट. २००८मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. अंड्याऐवजी पिल्लू जन्माला घालण्याचा इतका जुना पुरावा तोवर कुणाच्या हाती लागला नव्हता.

विंजानात दुपारी वाळूवर मगरी पसरलेल्या असतात. या गोड्या पाण्यातल्या. तिकडे त्यांना ‘फ्रेशी’ म्हणतात. थोबाड आपल्या सुसरीसारखं निमुळतं, खाणं मासे-किडे, आणि डिवचलं नाही तर माणसाच्या वाटेला जात नाहीत. म्हणून काही सुसरबाई तुझी पाठ मऊ करत जवळ जायचं नसतं. काही मीटर अंतर राखा, पाण्याच्या कडेला बसू नका, एवढं पुरतं. मला मगरींहून त्यांच्यावर आलेलं संकट जास्त सांगावंसं वाटतं. उसावरची कीड खावी म्हणून क्वीन्सलँडमध्ये १९३५मध्ये बाहेरून आणलेले विषारी भेक हजारो किलोमीटर पसरत किंबर्लीपर्यंत पोचले. कोरड्या दिवसांत तेही डोहावरच येतात. मगर भेक गिळते आणि मरते. यावर बुनुबा रेंजर, सरकारी वनखातं आणि मॅक्वेरी विद्यापीठाचे संशोधक यांनी एक उपाय केला. मेलेल्या भेकांतून विषाचे भाग काढले, आत मळमळ आणणारं रसायन भरलं आणि डोहाकाठी टांगून ठेवले. मगरीने खाल्लं की जीव जात नाही, पण पोट असं काही ढवळतं की पुन्हा भेक नको. शेजारी तुलनेसाठी कोंबडीचे तुकडे टांगले होते. मगरी पुढेपुढे कोंबडी खात राहिल्या आणि भेक सोडू लागल्या. जिथे हा धडा दिला तिथे मगरी मरण्याचं प्रमाण खूप खाली आलं. मळमळीची शिकवणी घेऊन प्राणी वाचवायचे, हे मला फारच आवडलं.

याच घळीत नोव्हेंबर १८९४मध्ये गोळीबार झाला होता. जंडमारा हा बुनुबा तरुण. गोऱ्यांच्या कुरणांवर काम केलेला, मग पोलिसांसाठी माग काढणारा. आपल्याच माणसांना साखळदंडात बांधून नेण्याची वेळ आली तेव्हा त्याने पोलीस शिपायाला मारलं, कैदी सोडवले आणि बंदुका घेऊन डोंगरात गेला. विंजानाच्या लढाईत तो जबर जखमी झाला, तरी निसटला. पुढे दोन वर्षांहून अधिक काळ पोलिसांना तो सापडेना. एप्रिल १८९७मध्ये टनेल क्रीकजवळ त्याला मारलं ते दुसऱ्या एका आदिवासी माग काढणाऱ्याने. या लढ्याचा नकाशा बघितला की कळतं, कुरणवाल्यांनी आधी पाणवठे घेतले. गुरं पाण्यावर आली, कांगारू हटले, बुनुबांनी गुरं मारली, मग बंदुका आल्या. टनेल क्रीक म्हणजे ओढ्याने चुनखडीतून आरपार खोदलेली ७५० मीटरची गुहा. तुम्ही आत बॅटरी घेऊन गुडघाभर पाण्यातून चालता. मधे छत कोसळल्यामुळे उजेड येतो आणि वरच्या झाडांची मुळं पाण्यापर्यंत लोंबताना दिसतात. लपणारा माणूस हीच जागा का निवडेल हे आत शिरल्यावर सांगावं लागत नाही.

आता गाडीचं. रस्ता पन्हळी पत्र्यासारखा होतो, कारण सुट्या मातीवर ठराविक वेगापुढे धावणारं कुठलंही चाक अशा लाटा उठवतंच. टायरची हवा डांबरावरच्या मानाने बरीच उतरवायची, वेगही उतरवायचा, आणि डांबर आलं की कॉम्प्रेसरने पुन्हा भरायची. स्टेपनी दोन. इमिंजी आणि माउंट बार्नेट इथे डिझेल मिळतं, दिसेल तिथे टाकी भरा, भावाकडे बघू नका. समोरून तीन-तीन ट्रेलर जोडलेला ट्रक आला तर कडेला थांबा. पन्नास मीटरहून लांब असतो, आणि मागे धुळीत काही दिसत नाही. संध्याकाळी गाडी चालवू नका, कारण रस्त्यावर गुरं बसतात. गाडी भाड्याने घेताना कच्च्या रस्त्याला विमा लागू आहे का हे लेखी घ्या. बहुतेक साध्या करारांत तो नसतो. झालं गाडीचं.

उन्हाचं मात्र सावकाश सांगतो. जुलैत दुपार तीस अंशांच्या आसपास, रात्री गोधडी लागते. सप्टेंबरअखेर पारा चाळिशीकडे जातो आणि हवा जड होते. लोक अडचणीत येतात ते डोहात नाही, डोहापर्यंतच्या चालीत. मॅनिंग घळीचं उदाहरण घ्या. तळ नदीकाठी, झाडी गार. नदी पोहून किंवा दोराने ओढायच्या छोट्या होडीतून पार करायची. पलीकडे तासाभराची चाल, उघड्या तांबूस खडकावरून, सावली नाहीच म्हणा. जाताना सकाळ असते म्हणून काही वाटत नाही. पोहून, जेवून दुपारी परत निघालात की वरून ऊन आणि खालून तापलेला खडक, आणि बाटली तळाला. म्हणून उजाडताच निघा, परतीच्या पाण्याला हात लावू नका, आणि माणशी दिवसाला किमान पाच-सहा लिटर पिण्याचं पाणी गाडीत वेगळं ठेवा. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं यंत्र भाड्याने मिळतं, ते घ्या. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत सुटायचं नाही. शोधणाऱ्याला विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

मुक्कामाला आम्ही कॅनव्हासची वळकटी वापरतो, तिकडे तिला स्वॅग म्हणतात. गॅसच्या छोट्या शेगडीवर पिठलं होतं, भाजणी तर फारच कामाची, आणि सगळ्यात लाल धूळ असते हे धरून चाला. कुठेकुठे तळाशेजारी बोअॅब झाड असतं, पोट सुटलेलं. आपल्याकडच्या गोरखचिंचेचं ते सख्खं चुलतभावंड. कोरड्या दिवसांत त्याची पानं गळतात, तेव्हा सावलीचा भरवसा नको.

गॅल्व्हन्स घळीत धबधब्याच्या माथ्यावर असंच एक बोअॅब आहे आणि खाली कातळावर वांजिनाचं चित्र. वांजिना हे इथल्या न्गारिन्यिन, वोरोरा, वुनाम्बल लोकांच्या श्रद्धेतले पाऊस आणि ढगांचे कर्ते. पांढरा चेहरा, मोठे काळे डोळे, तोंड नाही, डोक्याभोवती ढगाचं वलय. ही चित्रं जुनी पडू न देता पुन्हा रंगवायची जबाबदारी ठराविक माणसांकडे असते. चित्राला हात लावू नका. काही भागांत जायला त्या समाजाच्या संस्थेचा परवाना लागतो, उदाहरणार्थ मिचेल धबधब्याकडे, तो आधीच काढा. लोकांना हे पैसे जड वाटतात. गडावर पार्किंगचे पैसे देताना आपण इतकी कुरकुर करत नाही.

पूर्वेच्या टोकाला पेंटेकॉस्ट नदी. नदी ओलांडण्याआधी पायी उतरून खोली बघायची, असं सगळीकडे शिकवतात. इथे ते करायचं नाही. इथल्या मगरी खाऱ्या पाण्यातल्या, ‘सॉल्टी’, आणि त्या माणूस धरतात. पुढची गाडी कशी जाते ते काठावरून बघायचं, किंवा रस्त्याच्या स्थितीची सरकारी माहिती वाचायची. नदीत पाय घालायचाच नाही, मासे धुवायलासुद्धा नाही.

कधी जावं? मेमध्ये गेलात तर धबधबे भरात, पण नद्या ओलांडायचे काही उतार आणि बाजूचे रस्ते उघडलेले नसतात. ऑगस्टमध्ये सगळं उघडं, पण धबधब्यांची धार बारीक, गर्दी जास्त. मी जूनचा पहिला पंधरवडा सुचवतो. विमानाने पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रूमला उतरा आणि पश्चिमेकडून पूर्वेला जा. डार्विनकडून उलटे आलात तर कुनुनुराजवळच्या राज्याच्या हद्दीवर मध आणि बहुतेक ताजी फळं-भाज्या काढून घेतात. पोळीबरोबर मध लागणाऱ्यांनी तो तिथेच संपवावा. आता प्रश्न घेतो. मगरीबद्दलचे आधी विचारून टाका.