‘सेट’मध्ये नेमकं काय बसवायचं?

(पुण्यात अनुवादाच्या अभ्यासवर्गापुढे दिलेलं व्याख्यान. बोलण्याची धाटणी ठेवून संपादित.)

मंडळी, आज एकाच शब्दावर बोलायचं आहे. शब्द इंग्रजी, अक्षरं तीन: सेट. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली. तिच्यातली सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. सुमारे ४३० अर्थ आणि ६०,००० शब्दांच्या आसपास मजकूर! पुढे कोशाची फेरतपासणी सुरू झाली आणि २०११ च्या सुमारास ‘रन’नं हा मान पटकावला. त्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. हे आकडे वर्तमानपत्राच्या चौकटीत शोभतात, पण अनुवादकाच्या कामाचे नाहीत. ४३० अर्थ कुणी पाठ करत नाही, करूही नये.

कामाची गोष्ट अशी, की ‘सेट’ हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत आणि ते एकाच रूपात येऊन मिळालेत.

पहिला क्रियापद. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. ‘सेट’ हे ‘सिट’चं प्रयोजक रूप. मराठीला ही युक्ती नवी नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे यांत आपणही आतला स्वर बदलूनच काम भागवतो. इंग्रजीत ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड तोडून पाडणे, हीही त्याच घरातली जोडी. या ‘सिट’चा आणि संस्कृतातल्या ‘सद्’ धातूचा उगम एकच. म्हणजे संसद, परिषद, उपनिषद ही ‘सेट’ची लांबची भावंडं झाली.

दुसरा नाम. टी सेट, दागिन्यांचा सेट, गणितातला संच. हा जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मागे लॅटिन ‘सेक्टा’ आहे, म्हणजे एखाद्याच्या मागे जाणारी मंडळी, पंथ. त्या लॅटिन शब्दाचा धातू ‘मागे जाणे’ या अर्थाचा, आणि संस्कृतातला ‘सच्’ त्याचा सख्खा. त्या ‘सच्’वरून आपला ‘सचिव’ आला. एक सेट संसदेच्या नात्यातला, दुसरा सचिवाच्या! मंत्रालयात कुणाला सांगायला हरकत नाही. पुढे इंग्रजीत दोन्ही शब्दांचे अर्थ एकमेकांत इतके मिसळले, की काही नामं नेमकी कोणत्या बाजूची हे वेगळं काढणं अवघड झालं.

आता क्रियापदाकडे वळू, कारण घोटाळे तिथेच होतात. ‘सेट’ म्हणजे ‘बसवणे’ हे एकदा धरलं, की निम्मं इंग्रजी सरळ मराठीत उतरतं. डॉक्टर हाड सेट करतात, आपण हाड बसवतो. सोनार खडा सेट करतो, आपण खडा बसवतो. पण उरलेल्या निम्म्यात मराठी प्रत्येक कर्मासाठी वेगळं क्रियापद हातात ठेवते. सापळा लावतात. घड्याळही लावतात. दर ठरवतात. पेपर काढतात. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतात. आणि ‘सेट द टेबल’चं ‘टेबल लावा’ करणाऱ्यानं एकदा आपल्या घरात डोकावून पाहावं. आपण पानं मांडतो. म्हणून पहिला नियम: ‘सेट’कडे पाहूच नका, त्याच्या कर्माकडे पाहा. क्रियापद कर्मच निवडून देतं.

कर्मच नसेल तर? मग ती वस्तू आपली आपण बसते. सूर्य सेट होतो, सिमेंट सेट होतं, दही सेट होतं. मराठीत सूर्य मावळतो, सिमेंट धरतं, दही लागतं. सूर्याबाबत जुन्या इंग्रजीत गोड शब्द होता, ‘सेट्लगांग’, म्हणजे बैठकीकडे जाणं. दिवसभर फिरून सूर्य आपल्या आसनाकडे निघाला, अशी ती कल्पना.

सिमेंटपाशी जरा थांबू या, कारण इथली चूक कागदावर राहत नाही. बांधकामाच्या इंग्रजी सूचनांत ‘सेट’ आणि ‘हार्डन’ हे दोन शब्द वेगळे आहेत. सेट होणं म्हणजे माल हलता-वळता राहत नाही, आकार धरतो. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी भारतीय मानक म्हणतं, की पाणी घातल्यापासून निदान ३० मिनिटं तरी माल धरायला लागता कामा नये, आणि ६०० मिनिटांच्या आत तो पुरता धरलेला हवा. चाचणी एका बारीक सुईनं होते. सुई लगद्यात किती खोल जाते त्यावरून वेळ ठरते. हार्डन होणं म्हणजे ताकद येणं. ते दिवसांचं काम, आणि त्याचा हिशेब २८ दिवसांवर करतात. म्हणजे एक गोष्ट तासांची आणि दुसरी आठवड्यांची. अनुवादकानं दोन्हीकडे ‘घट्ट झाल्यावर’ लिहिलं की वाचणारा १० तासांनी सेंट्रिंग काढायला मोकळा. प्रत्यक्षात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू साधारणपणे ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवायचे असतात. गवंडी मात्र कधी गोंधळत नाही. तो ‘माल धरला’ म्हणतो, मग पाणी मारत राहतो आणि ताकदीची गोष्ट वेगळी बोलतो. तेव्हा ‘सेट’ला ‘धरणे’ आणि ‘हार्डन’ला ‘ताकद येणे’ किंवा ‘पक्कं होणे’ लिहा, आणि दोन्ही शब्द शेवटपर्यंत तसेच चालवा.

व्याकरणाचा एक खड्डा सांगून ठेवतो. ‘सेट’चं वर्तमान, भूत आणि भूतकालवाचक विशेषण, तिन्हींचं रूप एकच. ‘दे सेट द प्राइस’ म्हणजे दर ठरवतात की ठरवला? वाक्य एकटं असेल तर कळत नाही. कर्ता एकवचनी, तृतीय पुरुषी असेल तर सुटका होते: ‘सेट्स’ दिसलं तर वर्तमान, नुसतं ‘सेट’ दिसलं तर भूत. इतर वेळी आजूबाजूच्या क्रियापदांचा काळ पाहायचा.

खरी परीक्षा पुढे चिकटलेल्या शब्दांची. ‘सेट अप’, ‘सेट आउट’ वगैरे कोशात बघून भागतं, त्यात मी वेळ घालवत नाही. दोनच सांगतो.

‘सेट असाइड’. घरखर्चात पैसे सेट असाइड केले तर ते बाजूला काढून ठेवले. पण उच्च न्यायालयानं खालच्या कोर्टाचा आदेश सेट असाइड केला, तर तो रद्द केला. बातमीत ‘आदेश बाजूला ठेवला’ असं छापून येतं तेव्हा वाचकाला वाटतं, नंतर बघू म्हणून फाइल कपाटात गेली. प्रत्यक्षात आदेश संपलेला असतो. कोर्टाच्या मजकुरात हे क्रियापद दिसलं की हात आपोआप ‘रद्द’कडे वळला पाहिजे.

‘सेट ऑफ’. प्रवासाला निघणे, फटाका उडवणे, धोक्याची घंटा वाजवणे, हे तिन्ही यात बसतात. हिशेबाच्या कागदात मात्र याचा अर्थ वळतं करणे. शेअरमधला भांडवली तोटा भांडवली नफ्यातून वळता करतात, आणि उरला तर अटींसह पुढची ८ वर्षं ओढतात. बँकही कर्जाची थकबाकी ठेवीतून वळती करून घेते. याला ‘वजावट’ म्हणू नका. प्राप्तिकरात वजावट हा वेगळा, ठरलेला शब्द आहे. एकाच पानावर दोन्ही आले की करदाता हमखास चुकतो.

आणि ‘सेटबॅक’. क्रीडापानावर धक्का, नगररचनेच्या नियमावलीत सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यामध्ये सोडायची मोकळी जागा. ‘इमारतीला धक्का’ असं भाषांतर झालं तर बिल्डरलाच धक्का बसेल.

शेवटी आपल्या मराठीतला ‘सेट’. तो इंग्रजीच्या मागे मुकाट्यानं चालत नाही. ‘सेटिंग लावलंय’ यात वशिला आहे, तो अर्थ इंग्रजीतला माणूस ओळखणार नाही. ‘पोरगा सेट झाला’ यात खरं तर ‘सेटल’ आहे. तोही ‘बैठक’ या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलेला, म्हणजे घरचाच. आणि पुणे विद्यापीठ घेतं ती प्राध्यापकपदासाठीची ‘सेट’ म्हणजे नुसती आद्याक्षरं. पण मराठीनं तिथे ‘परीक्षा’ मनात धरून शब्दाला स्त्रीलिंग दिलं. त्यामुळे ‘तिनं सेट दिला’ म्हटलं तर कुणाला तरी कपबश्या मिळाल्या, आणि ‘तिनं सेट दिली’ म्हटलं तर आता निकालाची वाट पाहायची.