बंद दाराआडची माणसं

श्रोतेहो, नमस्कार. आज कथेत शृंगार कसा लिहायचा, यावर बोलू.

नव्यानं कथा लिहिणारी मंडळी नेहमी सांगतात, की भेटीगाठी, रुसवेफुगवे सगळं लिहून होतं, पण खोलीचं दार लागलं की पेन अडतं. मग तिथे तीन टिंबं पडतात आणि पुढच्या ओळीत थेट सकाळ उजाडते. काहींच्या बाबतीत उलटं होतं, अंगाप्रत्यंगांची यादीच सुरू होते. दोन्हीकडे चूक एकच आहे. इतका वेळ आपण ज्यांच्याबरोबर चाललो होतो ती दोन माणसंच तिथून नाहीशी होतात. दाराआड गेलेली माणसंही तीच असतात. त्यांचा स्वभाव, त्यांची बोली, डोक्यावरचं कर्ज, मनातली भीड, सगळं त्यांच्याबरोबर आत जातं. शृंगार लिहायचा तो या सगळ्यासकट.

आपल्याकडे हे जुनं आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त, महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, सुमारे सातशे गाथा आहेत. एकेक गाथा दोन ओळींची. त्यात गावातल्या बायका बोलतात, शेत दिसतं, सासर दिसतं, वाटसरू येतो, परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट बघितली जाते. उघडं वर्णन थोडं, पण ओढ प्रत्येक ओळीत. मराठीला शृंगार बाहेरून आणावा लागला, असं कुणी म्हटलं तर मला ते मुळीच पटत नाही.

आता एक जोडपं घेऊ. तो कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत, फौंड्रीत म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात रात्रपाळीला आहे. मंगळवार पेठेत दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत सासूबाई. ती राजारामपुरीत एका दुकानाचे हिशेब लिहिते. तो सकाळी साडेसातला घरी येतो, ती साडेनऊला बाहेर पडते. लग्नाला आठ वर्षं झालीत. यांच्याबद्दल 'दोन देहांत वणवा पेटला' असं लिहिलंत, तर तो वणवा कुणाच्याही घरातला असू शकतो. त्यापेक्षा त्याची बोटं बघा. कितीही घासली तरी नखांच्या कडेला मोल्डिंगची काळी वाळू राहते. हात स्वच्छ झाल्याशिवाय तो तिला शिवणार नाही, हे तिला ठाऊक आहे. तो मोरीत हात धूत असतो. ती येते, कोनाड्यातला जुना ब्रश घेते आणि त्याचं एकेक नख घासायला लागते. बाहेर सासूबाईंचा रेडिओ चालू आहे.

"उशीर होतोय तुला," तो म्हणतो.

"जातो की. एवढी काय गडबड?"

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'जातो', 'आलो' असंच बोलतात, तेव्हा तिला तसंच बोलू द्या. पुस्तकी बोलायला लावलंत की ती कथेतून उठून गेलीच म्हणून समजा. दुसऱ्या हाताशी येईपर्यंत तो गप्प झालेला असतो. ती ब्रश ठेवते, आतल्या खोलीशी जाते, आणि आवाज होऊ नये म्हणून कडी बोटानं दाबून धरत सावकाश सरकवते.

अजून काहीच घडलेलं नाही, पण वाचणारा जागचा हलत नाही. कारण कोणाला काय हवंय आणि मध्ये काय आडवं येतंय, हे त्याला कळलंय. घड्याळ, सासूबाई, त्याला स्वतःच्या हातांची वाटणारी लाज. हे अडथळे लेखकानं घाईनं दूर केले की सगळं सपाट होतं. पुढे किती उघडं लिहायचं, हा तुमचा प्रश्न. पण तिच्या नजरेतून लिहीत असाल, तर तिला त्या क्षणी जे जाणवेल तेवढंच लिहा. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावना दाटली की अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, सांगितलेत. त्यातले घाम, रोमांच, कंप, आवाज फाटणं हे आजही कामाला येतात. अंगांची नावं घ्यायला गेलं की भाषा एक तर दवाखान्याची होते, नाही तर शिवीची. क्रियापदांवर भर द्या. घासणं, थांबणं, सरकवणं, यांतच सगळं येतं.

नजर कुणाची, याचा धडा इथेच कोल्हापुरात राहिलेल्या वि. स. खांडेकरांकडे आहे. १९५९ सालची त्यांची 'ययाती' वासनेवरचीच कादंबरी. ती ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडून सांगतात. एकाचं सुख दुसरीचा अपमान कसा होतो, हे त्यामुळे दिसतं. आपली कथा एकदा दुसऱ्या पात्राच्या बाजूनं लिहून बघा. पुष्कळदा तीच जास्त खरी निघते.

एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. तिचा नकार म्हणजे लाजून दिलेला होकार, असं मानणाऱ्या कथा आपण फार वाचल्या. तसं लिहू नका. मघाशी कडी तिनं स्वतः लावली, त्यात तिची मर्जी आहे आणि म्हणूनच तो प्रसंग रंगतो. नकार आला, तर नायकाला थांबू द्या, त्या थांबण्यातूनही कथा पुढे जाते. आणि पात्रं वयानं सज्ञानच हवीत. इथे तडजोड नाही.

'पण खटला झाला तर?' असंही विचारलं जातं. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयानं दोषी धरलं, पण १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. समाजाची मापं बदलत असतात, हे त्या निकालात मान्य केलेलं आहे. आता कायद्याचं कलम भारतीय न्याय संहितेत २९४ आहे, आणि साहित्य म्हणून लोकहितासाठी लिहिलेल्या मजकुराला त्यातही सूट आहे. तरी कुठल्याही अंकाला कथा पाठवताना ती प्रौढ वाचकांसाठी आहे, हे संपादकांना आधीच कळवा. घरच्यांचा संकोच वाटत असेल, तर खुशाल टोपणनाव घ्या. फक्त मानधनाच्या आणि हक्कांच्या पत्रव्यवहारात खरं नाव द्या, आणि त्या पत्राची एक प्रत जपून ठेवा.

नमस्कार.