इंजिनिअरिंग मॅनेजर म्हणून तुमची आदर्श नोकरी कोणती? इंटरव्ह्यूत काय सांगायचं?

नमस्कार मंडळी. पगाराच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून यायला लागलाय. परभणीहून आलाय, उदगीरहून आलाय, हिंजवडीत बसलेल्या आपल्या पोरापोरींचे तर कितीतरी मेसेज आहेत. "ताई, मॅनेजरच्या इंटरव्ह्यूत विचारायलेत, तुमची आदर्श नोकरी कशी असेल ते सांगा. काय सांगावं?"

आधी मुळाक्षरं उरकते, कारण ती तुम्हाला माहीतच आहेत. टेक लीड बघतो की काम बांधायचं कसं. प्रोजेक्ट मॅनेजर बघतो वेळापत्रक. इंजिनिअरिंग मॅनेजरकडे माणसं असतात. भरती, वन-ऑन-वन (एकेकाशी वेगळं बसून बोलणं), रिव्ह्यू, बढती, शिवाय प्रॉडक्टवाल्यांशी बोलणी. झालं. यावर आधीचा व्हिडिओ आहे.

आता मुद्दा. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसते, इंटरव्ह्यू घेते. आदर्श नोकरी विचारली की बहुतेक जण सांगतात, चांगलं कल्चर हवं, चॅलेंजिंग काम हवं, शिकायला मिळावं, वर्क-लाइफ बॅलन्स असावा. हे ऐकून मला त्या माणसाबद्दल काहीच कळत नाही. साखर कारखान्यात अकाउंटंट म्हणून अर्ज करणाराही हेच सांगेल. त्यात मॅनेजर कुठाय?

सांगायचं असतं ते हे: कोणते निर्णय तुमच्या हातात हवेत. लिहून घ्या. कोणते. निर्णय. तुमच्या हातात.

आधीच्या एका कंपनीतली गोष्ट सांगते. रिलीजची तारीख मला क्लायंटच्या मेलमधून कळली. सेल्सवाल्यांनी शब्द देऊन टाकला होता, टीमला कुणी विचारलंच नव्हतं. मी काम मोजून दाखवलं की एवढं या तारखेत बसत नाही, यातलं काय काढायचं ते सांगा. उत्तर आलं, काही काढायचं नाही, दोन माणसं वाढवून घ्या. आता, उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय, आयबीएमच्या मोठ्या प्रोजेक्टच्या अनुभवावरून. नव्या माणसाला शिकवायला जुन्याच माणसाचा वेळ जातो ना! तर तारीख हुकली तेव्हा जाब कुणाला? मला. ठरवली कुणी? मी नाही. म्हणून माझ्या आदर्श नोकरीची पहिली अट अशी की तारीख ठरताना मी खोलीत असले पाहिजे. तारीख पक्की असेल तर काम कमी करायचा अधिकार माझा, काम पक्कं असेल तर तारीख माझी.

कमेंटमध्ये एकाने विचारलंय, "ताई, एवढ्या अटी घातल्या तर माणूस आडमुठा वाटणार नाही का?" त्याच्याकडे येते, थांबा. आधी हीच गोष्ट टीमच्या बाजूने बघा.

लातूर-धाराशिवकडच्यांना येळवस काय असते ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, वेळा अमावस्या. गावच्या गाव शेतात जातं, ज्वारीच्या कडब्याची कोप करतात, भज्जी, अंबील, उंडे, सगळे मिळून रानातच जेवतात. माझ्या टीममध्ये औशाकडचा एक मुलगा होता. त्याने महिनाभर आधी सांगितलं होतं की त्या दिवशी ऑन-कॉल नको, म्हणजे सिस्टिम बिघडली तर लगेच बघायची पाळी नको. पण ऑन-कॉलचा रोटा, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, दुसऱ्या देशातून तयार होऊन यायचा, तो बदलायचा अधिकार मला दिलेलाच नव्हता. मी वर लिहिलं, नियम म्हणून नाकारलं. पोरगा बांधावर लॅपटॉप घेऊन रेंज शोधत फिरला आणि घरचे कोपीत त्याची वाट बघत बसले. त्या पोराने काही महिन्यांत कंपनी सोडली. तक्रार केली नाही, भांडला नाही, गेला. मॅनेजरला साधा एक दिवस हलवता येत नसेल तर टीम त्याच्याकडे कशाला येईल? येळवस असो, महालक्ष्म्या असोत, पोळा असो, कुणाच्या आईचं ऑपरेशन असो. रोटा टीमने ठरवायचा आणि शेवटची सही मॅनेजरची. दुसरी अट ही.

आता तिसऱ्या बाजूने, रेटिंगच्या बाजूने. तेच पुन्हा सांगतेय हे मला माहीतय, कारण इथेच सगळे अडखळतात. वर्षभर सात जणांनी जीव तोडून काम केलं, सातही जण चांगले निघाले. वरून शीट येते, बेल कर्व्हमध्ये बसवा, म्हणजे थोडे वर, बरेच मध्ये, थोडे खाली हे आधीच ठरलेलं, एकाला खाली टाका. कुणाला? ते तुम्ही ठरवा म्हणतात. याला अधिकार म्हणत नाहीत हो! निर्णय आधीच झालेला असतो, तुमच्याकडे फक्त नाव भरायचं काम येतं. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०१३ साली बंद केली, आपल्याकडे कितीतरी ठिकाणी ती अजून चालू आहे. म्हणून तिसरी अट, माझ्या टीमचं रेटिंग मी पुराव्यानिशी मांडीन, त्यावर चर्चा करा, मला खोडा, पण आकडा आधी ठरवून माणूस नंतर शोधायचा नाही.

तारीख, रोटा, रेटिंग. तिन्हीकडे मी एकच विचारतेय, जबाबदारी दिली त्यासोबत अधिकार दिला का?

जरा वेगळं बोलते. एक कमेंट दर व्हिडिओखाली असते, "मॅनेजर लोक काही काम करत नाहीत, काढून टाका सगळ्यांना." हे करून झालंय. गुगलने २००२ मध्ये इंजिनिअरिंग मॅनेजर काढून बघितले होते. काही महिन्यांतच परत आणावे लागले, कारण खर्चाची बिलं आणि आपापसातली भांडणं थेट गुगलचे संस्थापक लॅरी पेज यांच्यापर्यंत जायला लागली. नंतर त्यांच्याच लोकांनी अभ्यास केला की चांगला मॅनेजर नेमकं काय करतो. आठ गोष्टी निघाल्या. पहिली, तो माणसांना चांगलं शिकवतो, घडवतो. तांत्रिक कौशल्य आठवं. यादीत आहे बरं का, पण आठवं. म्हणून "मॅनेजरने कोड लिहावा का" या वादात माझं मत असं: वाचावा रोज, रिव्ह्यू करावा, लिहावा तर असा, जो अडकला तरी कुणाचं काम अडणार नाही. तुम्ही मीटिंगमध्ये आणि टीम तुमच्या कोडसाठी खोळंबलेली, हे बरोबर नाही.

आता मी माझी आदर्श नोकरी सांगते, जशी इंटरव्ह्यूत सांगेन तशी. यात काही जणांचा गैरसमज होतो म्हणून आधीच सांगते, हे पाठ करू नका. "ताई, मॉडेल उत्तर लिहून द्या" असं विचारणारे पुष्कळ आहेत. लातूर पॅटर्नची शिस्त माझ्यातही आहे, तिच्या जोरावर आपली पोरं कुठल्या कुठे गेली, मला तिचा अभिमान आहे. पण इथे पेपर तपासणाराच विचारतोय की तुम्हाला काय हवंय. ते माझ्या वहीतून कसं येईल?

तर माझी टीम सहा-सात जणांची. पाच माणसांत बोलण्याच्या जोड्या १० होतात, आठ जणांत २८, बारा जणांत ६६. बारा जणांच्या टीममध्ये कुणाच्या मनात काय चाललंय हे मला कळणार नाही, आणि ते कळणं हेच माझं काम आहे.

दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास, आणि तो अर्धा तास त्याचा. कामाची यादी त्यात नको, ती बोर्डावर दिसतेच. ज्यांची मराठी त्यांच्याशी मराठीत. यावर मी हट्टी आहे. नांदेड-बीडकडून आलेला मुलगा इंग्रजी मीटिंगमध्ये गप्प बसतो आणि रिव्ह्यूत लिहिलं जातं, "पुढाकार घेत नाही". अहो, त्याच मुलाला मराठीत विचारा, डेटाबेस का लॉक झाला ते तो तुम्हाला अर्धा तास समजावून सांगेल! इंग्रजी त्याला यायलाच पाहिजे, त्यासाठी मी त्याच्याकडून डिझाइनची कागदपत्रं लिहून घेते, छोटे डेमो द्यायला लावते. पण तोवर त्याची हुशारी झाकली जाऊ नये, हे बघणं मॅनेजरचं काम.

मग दोन शिड्या हव्यात. ज्याला कोडच लिहायचा आहे त्याला स्टाफ इंजिनिअर, म्हणजे मॅनेजर न होता वरच्या पदावरचा इंजिनिअर, होता यावं, मॅनेजरइतक्याच पगारावर. पगारवाढीसाठी मॅनेजर झालेला माणूस स्वतःही सुखी नसतो आणि टीमही.

आणि मला हे सगळं संभाजीनगरात राहून करायचंय. महिन्यातून एकदा पुण्याला जाईन, टीमसोबत बसेन, जेवेन. पण दर रविवारी रात्री बस धरून पुणं गाठायचं आणि शुक्रवारी परतायचं, हे मला नको. टीममधल्या बाकीच्यांनाही हीच मुभा हवी. एकट्या मॅनेजरला सवलत मिळाली तर ती टिकत नाही.

आता तो आडमुठेपणाचा प्रश्न. एचआरच्या पहिल्या फेरीत हे सगळं ओतू नका. तिथे दोन वाक्यं पुरेत, टीम केवढी हवी आणि कशा प्रकारचं काम. ज्याच्या हाताखाली काम करणार आहात त्याच्या फेरीत मात्र बोला, आणि अट म्हणून सांगण्याऐवजी प्रश्न म्हणून विचारा. मागची तारीख हुकली तेव्हा काय झालं? काम कमी करायचं कुणी ठरवलं? शेवटची भरती नाकारली ती कुणी? ऑन-कॉलमध्ये रात्री किती वेळा उठावं लागतं? चांगला माणूस खरी घटना सांगतो, त्यातली अडचणही सांगतो. "आमच्याकडे सगळे मिळून ठरवतात" एवढंच म्हणाला, तर विचारा, मिळून म्हणजे शेवटी कोण? पुन्हा तेच उत्तर आलं तर ती नोकरी घ्यायची का ते तुमचं घर, हप्ते, परिस्थिती बघून ठरवा. घेतलीत तरी, तारीख तुमच्या हातात नाही हे आधीच माहीत असेल, आणि पहिल्याच आठवड्यात टीमला तसं स्पष्ट सांगता येईल.

पुढच्या व्हिडिओत वन-ऑन-वनमध्ये समोरचा काही बोलतच नसेल तर काय करायचं ते घेते, नांदेडहून बऱ्याच जणांनी विचारलंय. तुमचे प्रश्न खाली टाका, मराठीतच टाका.