पाटाला हात लावून बघा

नमस्कार श्रोतेहो. सातपुड्याकडून गार वारा सुटलाय. रावेर, यावल, चोपड्याच्या जुन्या केळीवाल्यांना मी काही सांगायला नको, पण यंदा ज्यांनी पहिल्यांदा मृगबाग, म्हणजे जून-जुलैची केळी लावली, त्यांच्यासाठी बोलतो. पारा 10-12 अंशांच्या खाली रेंगाळला की केळीची वाढ मंदावते, पोगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, उलगडत नाही, पानं पिवळी पडतात. आपण म्हणतो, चरका बसला. निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला आलेल्या झाडाचा तर घड गळ्यातच अडकतो.

यावरचं औषध मला मामांच्या विहिरीवर कळलं.

मी कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. जानेवारीत यावल तालुक्यात मामांकडे गेलो. रात्री तीनला मामांनी हलवून उठवलं. "चल, मोटर सुरू करायचीय." मी म्हणालो, "मामा, एवढ्या थंडीत पाणी दिलं तर बाग आणखी गारठेल ना!" मामा काही बोलले नाहीत. पाटाशी नेलं, माझं मनगट धरलं आणि हात पाण्यात घातला. पाणी कोमट! दवानं बधिर झालेली बोटं मोकळी झाली. पाटावरून चक्क वाफ निघत होती. मामा म्हणाले, "हे जमिनीच्या पोटातलं पाणी. वर थंडी पडलीय हे त्याला ठाऊकच नाही."

उत्तरेच्या बांधावर मामींनी शेकोटी केली होती. वर ओला पाचोळा टाकत होत्या, कारण जाळ नको, धूर हवा. त्याच निखाऱ्यात त्यांनी दोन वांगी सारली. भरताची वांगी खरी भाजावीत कपाशीच्या काड्यांवरच, गॅसवरच्या भरताला ती चव येत नाही, हे माझं मत मी कुठंही सांगेन. असो.

पाचला वीज गेली. कोपऱ्यातल्या चार ओळी कोरड्या राहिल्या. शेतकऱ्याला साप-विंचवाच्या अंधारात पाणी भरायला लावू नये, दिवसा वीज द्यावी आणि थंडीत पहाटेची वेगळी द्यावी, असं मला तेव्हापासून वाटतं. उजाडल्यावर मामांनी मला अनवाणी चालायला लावलं. ओल्या ओळींत पाय सुखावले, कोरड्या कोपऱ्यात तळवे झोंबले. आठवड्यानं पुन्हा गेलो, तर बाग हिरवी होती आणि त्याच चार ओळी पिवळ्या.

तर पाणी पहाटे द्या, आणि विहिरीचं किंवा बोअरचं द्या. पुन्हा सांगतो, विहिरीचं. शेततळ्याचं पाणी उघड्यावर रात्रभर गार झालेलं असतं. ठिबक असेल तर तेही पहाटेच चालवा. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सोडते.

बाकीचं थोडक्यात. झाडामागे पाव किलो निंबोळी पेंड द्या. घडांना सच्छिद्र पिशव्या घाला. हिरवी पानं कापू नका. आणि बागेभोवतीची शेवरी राखा. एक ओळ जास्त बसावी म्हणून शेवरी तोडलेली पाहिली की जीव तुटतो; वारा अडवायला दुसरं आहे कोण?

आज रात्री आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर तीनचा गजर लावूनच झोपा.