मेंदूच्या शल्यविशारदाचे कान

श्रोतेहो, नमस्कार.

मेंदूची शस्त्रक्रिया म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकावर वाकलेला सर्जन आणि त्याची बोटे येतात. ती बोटे घडवावी लागतात, हे खरेच आहे. निवासी डॉक्टर, म्हणजे आपण सगळे ज्याला रेसिडेंट म्हणतो तो, कोंबडीच्या पंखातली जेमतेम एक मिलिमीटरची धमनी कापून ती केसाहून बारीक धाग्याने पुन्हा शिवण्याचा सराव महिनोन्‌महिने करतो, आणि कवटीला छिद्र पाडणारा ड्रिल हातात स्थिर कसा ठेवावा, हे आधी मृतदेहावर शिकतो. पण आज मी बोटांविषयी बोलणार नाही. चाळीसेक वर्षे या शास्त्रात घालवल्यानंतर मला असे वाटते की या प्रशिक्षणात सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी शिकवला जाणारा अवयव कान आहे. आणि आपल्या इंदूरसारख्या, एकाच वॉर्डात चार-पाच बोली ऐकू येणाऱ्या गावात तर ही उणीव रुग्णाच्या जिवाशी जाऊन भिडते.

प्रशिक्षणाचा मार्ग आधी थोडक्यात सांगतो. एम.बी.बी.एस.ची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, मग जनरल सर्जरीतील एम.एस.ची तीन वर्षे आणि त्यानंतर न्यूरोसर्जरीतील, म्हणजे मेंदूच्या शस्त्रक्रियेतील, एम.सीएच.ची आणखी तीन, असा हा बहुतेकांचा रस्ता आहे. काही संस्थांत एम.बी.बी.एस.नंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रमही असतो. प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून मिळतो, त्यामुळे कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या या देशातून कोण कुठे जाऊन पडेल याचा नेम नसतो: केरळचा मुलगा इंदूरला येतो आणि इंदूरची मुलगी गुवाहाटीला जाते. तिशीच्या आसपासचा हा डॉक्टर वॉर्डात उभा राहतो तेव्हा त्याच्या समोर धार, झाबुआ, खरगोन, बडवानी, देवास इथून आणलेले रुग्ण असतात. कोणी मुंबई-आग्रा रस्त्यावर मोटरसायकलवरून पडलेला असतो, कोणी शेतात झाडावरून. मध्यरात्री दोन वाजता त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

बोलण्याला इतके महत्त्व का, ते आता सांगतो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची शुद्ध मोजण्यासाठी जगभर जी मोजपट्टी वापरतात, ती ग्लासगो कोमा स्केल १९७४ साली ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी मांडली. तिच्यात डोळे उघडण्याला चार, बोलण्याला पाच आणि हातापायांच्या हालचालीला सहा असे जास्तीत जास्त पंधरा गुण असतात. सर्वांत कमी गुण तीन. बोलण्याच्या पाच गुणांचे बघा. मी कोण, कुठे आहे, आज कोणता महिना आहे हे नीट सांगता आले तर पाच. वाक्ये बोलतो पण गोंधळलेला आहे तर चार. संदर्भाशिवाय सुटे शब्द फेकतो तर तीन. नुसते कण्हणे असेल तर दोन. आणि काहीच नाही तर एक. हा आकडा रेसिडेंट दर तासाला, कधी अर्ध्या तासाला, रुग्णाच्या कागदावर लिहितो, कारण कवटीच्या आत रक्त साचायला लागले की सर्वांत आधी जे बदलते ते बहुधा हेच. डोळ्याची बाहुली मोठी होणे, नाडी मंदावून रक्तदाब चढणे ही चिन्हे नंतरची आहेत, आणि ती दिसू लागेपर्यंत हातातला वेळ फार थोडा उरलेला असतो. म्हणून वरिष्ठ डॉक्टर नव्या रेसिडेंटला सांगतात की एकच आकडा बघू नकोस, आकडा कोणत्या दिशेला चालला आहे ते बघ.

पण समजा, ऐकणाऱ्याला रुग्णाची भाषाच कळत नसेल तर?

माझ्या स्वतःच्या शिक्षणाच्या काळातली एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला सोपे जात नाही. मी तेव्हा पश्चिम भारतातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट होतो. झाबुआकडून बांधकामाच्या मजुरीला आलेला एक तरुण परांचीवरून खाली पडला आणि डोक्याच्या डाव्या बाजूला मार घेऊन आमच्याकडे आला. तो भिली बोलत होता. मला भिलीचा एक शब्द येत नव्हता, आणि मी त्याच्या बोलण्यापुढे तीनचा आकडा लिहिला, म्हणजे असंबद्ध शब्द. त्याचा बाप खाटेशेजारी जमिनीवर बसलेला असायचा. पहिल्या दिवशी तो मुलगा बहुधा अगदी शुद्ध आणि सुसंगत बोलत होता. त्याला तहान लागली होती, त्याला घरची चौकशी करायची होती, कुणास ठाऊक. मी तीन लिहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाप माझ्याकडे आला, माझा हात धरून काहीतरी सांगू लागला आणि वारंवार मुलाच्या तोंडाकडे बोट दाखवू लागला. मला वाटले, पोराला जेवण द्यायचे का असे विचारतो आहे. मी मुलाला हाक मारली, तो काहीतरी बडबडला, आणि मी पुन्हा तीनच लिहिले. आकडा हललेला नव्हता. खरे तर दोन दिवसांत सगळे काही हलले होते: पहिल्या दिवशीचे तीन हे माझे अज्ञान होते आणि दुसऱ्या दिवशीचे तीन हा त्याचा आजार होता. मेंदूच्या डाव्या कानशिलाच्या भागात, जिथे बहुतेक माणसांचे भाषेचे केंद्र असते तिथे, रक्त साचत चालले होते. बाहुली मोठी झाली तेव्हा आम्ही धावलो. तो वाचला, पण त्याचे बोलणे पुरते परत आले नाही.

खूप वर्षांनी मी त्या दोन दिवसांचे कागद मनातल्या मनात पुन्हा उलटले तेव्हा लक्षात आले की माझी खरी चूक कमी गुण देण्यात नव्हती. भाषा कळत नाही, असे मी कागदावर लिहायला हवे होते, आणि ज्याला ती कळत होती त्या बापाला विचारायला हवे होते. तो बाप तर मला स्वतःहून सांगत होता, 'हा आज वेगळे बोलतो आहे.' त्याच्यापाशी माझ्यापेक्षा अचूक मोजपट्टी होती.

माझ्या त्या काळात सी.टी. स्कॅनची सोय मोजक्याच ठिकाणी होती. मानेतल्या धमनीत थेट सुई घालून रंगद्रव्य सोडायचे आणि एक्स-रेवर रक्तवाहिन्या कोणत्या बाजूला सरकल्या आहेत ते पाहायचे, असा आमचा शोध असे. आज स्कॅन काही मिनिटांत होतो. त्यामुळे काही तरुण मला म्हणतात की आता खाटेशेजारी उभे राहून इतके ऐकण्याची गरज राहिलेली नाही. मला हे पटत नाही. स्कॅन एका क्षणाचे चित्र देतो. पुढचा स्कॅन केव्हा करायचा, हे खाटेशेजारचे निरीक्षणच ठरवते.

याच्या उलट बाजूची एक आठवण आपल्याच शहरातली आहे. रामबागेतल्या एका आजींच्या मेंदूवरचे जुने साचलेले रक्त दोन बारीक छिद्रे पाडून काढले होते. वयस्कर माणसांत किरकोळ धक्क्यानंतर काही आठवड्यांनी असे रक्त साचू शकते, आणि ही शस्त्रक्रिया रेसिडेंट लवकरच स्वतःच्या हाताने करायला शिकतो. दक्षिणेतून आलेल्या एका हुशार रेसिडेंटने संध्याकाळी त्यांना हिंदीत प्रश्न विचारले. आजी उत्तर देईनात. त्या खिडकीकडे बघून पुन्हा पुन्हा काहीतरी म्हणत होत्या. त्याने 'गोंधळलेल्या' असे लिहिले आणि पुन्हा स्कॅन करण्याची तयारी सुरू केली. वॉर्डातल्या मराठी सिस्टर हसत पुढे आल्या आणि म्हणाल्या, 'डॉक्टर, त्या विचारताहेत की दिवेलागण झाली तरी अजून कोणी दिवा का लावला नाही.' त्या मुलाने आकडा खोडला, चारच्या जागी पाच केला आणि बाजूला लहान अक्षरांत लिहिले: 'रुग्ण मराठी बोलतात, सिस्टरांच्या मदतीने तपासले.' त्याने लिहिलेली ती एक ओळ मला त्याच्या त्या वर्षीच्या सगळ्या शस्त्रक्रियांइतकीच मोलाची वाटते.

आपल्या देशातल्या या शास्त्राच्या सुरुवातीशी हा विषय सुंदर रीतीने जोडलेला आहे. भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४९ साली डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केला, आणि ते शिकून आले होते मॉन्ट्रियलला, वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे. फिट येणाऱ्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना त्यांना जागे ठेवून, मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युत्प्रवाहाचा स्पर्श करत भाषेच्या जागा शोधण्याचे मोठे काम पेनफिल्ड यांनी केले. त्या स्पर्शाने रुग्णाचे बोलणे मध्येच थांबले तर ती जागा कापायची नाही. म्हणजे आपल्या देशात या शास्त्राचा पाया घालणारा माणूस अशा गुरूकडे शिकला, ज्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाचे बोलणे हाच सर्जनचा मार्गदर्शक होता. डॉ. बी. राममूर्ती यांनी १९५० साली मद्रासमध्ये काम सुरू केले, आणि त्याच मद्रासमध्ये पुढे डॉ. टी. एस. कनका यांनी शिक्षण पुरे करून स्त्रियांसाठी ही वाट मोकळी केली.

जागेपणीची ती शस्त्रक्रिया आज भारतात अनेक ठिकाणी होते. रुग्णाला चित्रे दाखवतात, तो नावे सांगतो, आकडे मोजतो. इथे इंदूरच्या मराठी घरांचा प्रश्न मोठा मजेशीर गुंतागुंतीचा आहे. आमच्या पिढीतले कितीतरी लोक घरात मराठी बोलतात, सराफ्यात हिंदी, आणि कचेरीत इंग्रजी. कोणी 'बे एके बे' म्हणत पाढे शिकला, तर त्याचीच धाकटी बहीण हिंदी शाळेत 'दो एकम दो' शिकली. एकाच माणसाच्या मेंदूत दोन भाषांच्या जागा काही अंशी वेगवेगळ्या असू शकतात, असे अशा शस्त्रक्रियांतूनच दिसून आले आहे. तेव्हा रेसिडेंटने आदल्या दिवशी रुग्णाला विचारायला हवे की तुम्ही हिशेब कोणत्या भाषेत करता, रागावता कोणत्या भाषेत, देवापुढे काय म्हणता. आणि तपासणी त्या सगळ्या भाषांत करायला हवी.

हे सगळे करायला वेळ लागतो, आणि ऐकायला शुद्धीवरचा डॉक्टर लागतो. 'रेसिडेंट' हा शब्दच मुळात रुग्णालयात राहणारा या अर्थाने आला. १८८९ साली सुरू झालेल्या अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी ही पद्धत रुजवली आणि न्यूरोसर्जरीचे जनक मानले गेलेले हार्वे कुशिंग त्यांच्याच हाताखाली तयार झाले. राहण्याची ती सक्ती आपण इमानाने चालवली. १९९२ सालच्या निवासी डॉक्टरांच्या योजनेत आठवड्याला ४८ तासांचे काम लिहिलेले आहे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने कमाल ७४ तासांची मर्यादा सुचवली. या दोन आकड्यांमधले अंतरच सांगते की प्रत्यक्षात काय चालत आले आहे. छत्तीस तास उभा असलेला मुलगा ड्रिल कदाचित नीट धरेल, कारण शस्त्रक्रियेच्या टेबलाशी शरीर आपोआप जागे राहते. पण पहाटे चार वाजता, अनोळखी बोलीतल्या एका अस्पष्ट वाक्यातला कालच्यापेक्षा वेगळा सूर त्याला ऐकू येणार नाही. माझ्या दृष्टीने कामाच्या तासांचा प्रश्न हा डॉक्टरांच्या सोयीचा नाही, तो त्या झाबुआच्या बापाचा आहे.

आपल्या शहरात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८७८ पासूनची आहे आणि महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून चालू आहे. इथे शिकणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला पहिल्या महिन्यात मालवी, निमाडी, भिली आणि मराठीतले वीस-पंचवीस प्रश्न तोंडपाठ करून द्यावेत, असे मला मनापासून वाटते: नाव काय, गाव कोणते, हात वर करा, डोके दुखते का, उलटी झाली का. यासाठी नव्या यंत्राची गरज नाही. वॉर्डातल्या सिस्टर आणि वॉर्डबॉय एका दुपारी हे शिकवू शकतात.

आणि श्रोतेहो, आपल्याकडूनही थोडी मदत हवी आहे. घरातल्या कोणाला डोक्याला मार लागून दाखल केले, तर तिथल्या तरुण डॉक्टरला न विचारता सांगा की हे घरी कोणती भाषा बोलतात, त्यांना ऐकू कमी येते का, कवळी काढून ठेवली आहे का, ते डावखुरे आहेत का, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. आणि त्यांचे बोलणे सकाळपेक्षा वेगळे वाटले, तर डॉक्टर कितीही घाईत दिसला तरी त्याची बाही धरून त्याला थांबवा. तो रागावला तरी चालेल. त्याला खाटेपाशी घेऊन या आणि सकाळी ते काय म्हणत होते, आता काय म्हणताहेत, ते त्याला शब्दाशब्दांनी सांगा.

नमस्कार.